विकासात्मक दिव्यांगता आणि वाचा-उपचार : भोर व वेल्हे तालुके

वाचा-उपचार ही बोलणे, भाषा समजणे, संवाद साधणे आणि अन्न गिळणे यांतील अडचणींचे मूल्यमापन व उपचार करणारी पुनर्वसनाची शाखा आहे. ही सेवा देणाऱ्या व्यक्तीस वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा प्रचलित भाषेत स्पीच थेरपिस्ट म्हणतात. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत केवळ उच्चार शुद्ध करणे हा या उपचाराचा हेतू नसतो. आपली गरज, आवड, दुखणे आणि नकार दुसऱ्यापर्यंत पोहोचवता येणे हा त्याचा मुख्य हेतू होय. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत तज्ज्ञाच्या भेटी अंतरामुळे मोजक्याच होऊ शकतात. त्यामुळे उपचाराचा मोठा भार घर, अंगणवाडी आणि शाळा यांवर येतो.

कामाचे स्वरूप

उपचारापूर्वी श्रवणचाचणी आवश्यक असते, कारण न बोलण्यामागे ऐकू न येणे हेही कारण असू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मधल्या कानात द्रव साठून ऐकणे कमी होण्याचे प्रमाण अधिक असते. त्यानंतर मूल नजर देते का, बोट दाखवते का, आळीपाळीने खेळते का आणि अनुकरण करते का, हे पाहिले जाते. ही कौशल्ये शब्दांच्या आधी येतात व शब्दांचा पाया घालतात. साधारणपणे मूल एक वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची वाक्ये बोलू लागते. या टप्प्यांत बराच विलंब दिसल्यास तपासणी लांबवू नये.

दिव्यांगतेनुसार उपचाराची दिशा बदलते. सेरेब्रल पाल्सीमध्ये बसण्याची स्थिती, लाळ गळणे आणि घास गिळणे यांकडे आधी लक्ष द्यावे लागते, कारण घास श्वासनलिकेत गेल्यास जिवाला धोका संभवतो. स्वमग्न मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणत असेल, तर त्यामागील हेतू ओळखून त्यालाच संवादाचे रूप दिले जाते. ज्यांना बोलणे शक्य होत नाही, त्यांच्यासाठी हातांच्या खुणा, चित्रफलक किंवा मोबाईलवरील उपयोजने वापरली जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले ‘जेलो’ हे अशाच प्रकारचे चित्राधारित साधन आहे. अशा साधनांमुळे मूल बोलणे सोडून देईल, ही भीती निराधार आहे.

शिक्षण आणि कायदा

भारतात या विषयाचे पदवीशिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही त्याची आरंभीची केंद्रे होत. अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालतो. व्यवसायासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगता, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि सेरेब्रल पाल्सी यांचा समावेश आहे.

दोन तालुक्यांतील परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६ आणि वेल्ह्याची ५४,५१६ होती. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. राजगड व तोरण्याच्या परिसरातील वाड्या, तसेच भाटघर व पानशेत जलाशयांच्या काठची गावे विखुरलेली आहेत. दोन्ही तालुक्यांची मुख्य गावे पुण्यापासून सुमारे ५० ते ६० किलोमीटर दूर आहेत. आठवड्यातून एकदा उपचारास जायचे, तरी वाडीवरच्या पालकाचा पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देऊन तपासणी करतात. पथकात डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद मात्र जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असते. म्हणजे विलंब गावात ओळखला जातो, पण उपचार शहरात मिळतो. अनेकदा मूल याच टप्प्यावर उपचारातून गळते. शालेय वयात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक हा दुवा काही अंशी सांधू शकतात.

घरचा सराव आणि घरची बोली

या परिस्थितीत तज्ज्ञाच्या भेटीत पालकांना शिकवणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. त्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. जेवताना भाकरी आणि दूध दोन्ही समोर धरून निवड करायला लावणे, गोठ्यात गाय-वासरू दाखवून नाव घेणे, प्रश्न विचारून उत्तरासाठी थोडे थांबणे, अशा कृती दिवसातून अनेक वेळा घडतात. आठवड्यातील पाऊण तासाच्या उपचारापेक्षा त्यांची संख्या कितीतरी अधिक असते.

सराव घरच्याच भाषेत व्हावा लागतो. ग्रामीण बोलीत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले जाते. हा बोलीचा नियम आहे, उच्चारदोष नव्हे. कातकरी कुटुंबांतील मुलांची घरची भाषा तर प्रमाण मराठीपेक्षा बरीच वेगळी असते. प्रमाण मराठीच्या मापाने केलेली चाचणी अशा मुलाला नसलेला दोष चिकटवू शकते. उलट, ‘भाषाच वेगळी आहे’ असे म्हणून खरा विलंबही दुर्लक्षिला जाऊ शकतो. म्हणून आई-आजीकडून घरची बोली समजून घेणे हा मूल्यमापनाचा भाग मानला जातो.

गैरसमज

‘वडीलही उशिरा बोलले होते’ असे म्हणून वाट पाहणे किंवा जिभेला वेखंड चाटवणे यांत सुरुवातीची मोलाची वर्षे निघून जातात. वय वाढल्यावर उपचार निरुपयोगी ठरतो, हाही गैरसमज आहे. प्रौढ व्यक्तीलाही दुकानात वस्तू मागणे, एसटीत गावाचे नाव सांगणे, डॉक्टरांना दुखणारी जागा दाखवणे आणि नको असलेल्या स्पर्शाला नकार देणे शिकता येते. या शेवटच्या दोन गोष्टींवर त्या व्यक्तीचे आरोग्य आणि सुरक्षितता अवलंबून असते.