प्रतिपिंडांचे जेल-गाळण

प्रतिपिंडांचे जेल-गाळण : प्रतिपिंडे (शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास प्रतिकार म्हणून निर्माण होणारी रक्तातील प्रथिने) रेणूंच्या आकारमानानुसार अलग करण्याची वर्णलेखन पद्धती. येर्कर पोरात व पेर फ्लोडीन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी जेल-गाळणाची पद्धती १९५९ मध्ये प्रसिद्ध केली.

डेक्स्ट्रान या बहुशर्करेच्या साखळ्या एकमेकींस जोडून केलेले मणी पाण्यात फुगतात व त्यांच्या अंतर्भागात सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. सेफाडेक्स या नावाने हे मणी बाजारात आले. ते काचेच्या उभ्या नळीत भरून वरून थोडा रक्तरस व त्यामागून लवणयुक्त विद्राव सावकाश सोडतात. मोठे रेणू मण्यांत शिरू शकत नाहीत, म्हणून ते मण्यांमधील मोकळ्या जागेतून लवकर खाली येतात. लहान रेणू आतबाहेर करीत रेंगाळतात. ‘गाळण’ हे नाव त्यामुळे काहीसे फसवे आहे. चाळणीतून बारीक दाणे आधी पडतात, येथे मोठे रेणू आधी बाहेर पडतात.

बाहेर येणारा विद्राव क्रमाने नळ्यांत गोळा करून त्याचे २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाचे शोषण मोजतात. सेफाडेक्स जी-२०० वापरल्यास रक्तरसाच्या आलेखात तीन शिखरे दिसतात : पहिल्यात इम्युनोग्लोब्युलिन-एम (रेणुभार सु. ९,००,०००), दुसऱ्यात मुख्यतः इम्युनोग्लोब्युलिन-जी (सु. १,५०,०००) व तिसऱ्यात अल्ब्युमीन (सु. ६६,०००). पहिल्या शिखरात इतर महाकाय प्रथिनेही असतात. तेव्हा एका गाळणाने शुद्ध प्रतिपिंड हाती येतेच असे नाही. रॉडनी पोर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाच्या जड व हलक्या साखळ्या याच पद्धतीने अलग केल्या. प्रतिपिंडांच्या संरचनेवरील कार्यासाठी पोर्टर यांना जेरल्ड एडेलमन यांच्यासमवेत १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्पदंशावरील प्रतिविषाच्या बाबतीत आकारमानाचा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या शेतीप्रधान गावातील रुग्णास टोचले जाणारे प्रतिविष हे घोड्याच्या प्रतिपिंडांचेच असते. महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या हाफकिन संस्थेत होत असे. १९७५ मध्ये उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची विषे वाढत्या मात्रेत टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांवर पेप्सीन या एंझाइमाची क्रिया करतात. त्यामुळे प्रतिपिंडाचे शेपूट तुटते व विषाला बांधणाऱ्या दोन बाहूंचा सु. १,१०,००० रेणुभाराचा तुकडा उरतो. न तुटलेली प्रतिपिंडे किंवा एकमेकांस चिकटून झालेले रेणूंचे पुंजके प्रतिविषात राहिल्यास रुग्णास थंडी-ताप, रक्तदाब उतरणे यांसारख्या प्रतिक्रियांचा धोका वाढतो. पुंजके आकाराने मोठे असल्याने स्तंभातून सर्वांत आधी बाहेर येतात व म्हणूनच सहज ओळखता येतात. स्तंभात एका वेळी अल्पच नमुना मावतो, यामुळे मोठ्या उत्पादनात मुख्य शुद्धीकरण लवणाने किंवा कॅप्रिलिक अम्लाने साका पाडून करतात आणि जेल-गाळणाचा उपयोग प्रामुख्याने परीक्षणासाठी होतो.

दोन रेणूंच्या रेणुभारांत साधारण दुपटीचा फरक असल्यास शिखरे स्वच्छ अलग होतात. अखंड प्रतिपिंड व त्याचा पेप्सीनने केलेला तुकडा यांत तेवढा फरक नसतो, त्यामुळे त्यांची शिखरे काही अंशी एकमेकांवर चढतात. तेथे अधिक बारीक व एकसारख्या मण्यांचे स्तंभ वापरावे लागतात.