बातमीला धनी हवा

विकसनशील देशांत नवे तंत्रज्ञान आले की स्थानिक वृत्तपत्रे आणि रेडिओ बुडणार, असे सरसकट म्हटले जाते. अनुभव तसा नाही. श्रीलंकेत कोतमाले या चहामळ्यांच्या डोंगराळ भागातल्या रेडिओ केंद्रात 1999 च्या सुमारास इंटरनेट पोहोचले, तेव्हा घरोघरी संगणक असणे शक्यच नव्हते. श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे आणि निवेदकांनी इंटरनेटवर उत्तरे शोधून ती सिंहलीत समजावून सांगायची, अशी वाट केंद्राने काढली. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 मध्ये ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झाले. ग्रामीण स्त्रिया, त्यांतल्या अनेक दलित, ते बुंदेलीत लिहीत आणि गावोगाव फिरून विकत. पुढे छपाई थांबली. या बायका मोबाइलवर चित्रण शिकल्या आणि रखडलेला रस्ता, पोलिसांनी नोंदवून न घेतलेली बलात्काराची तक्रार अशा बातम्या यूट्यूबवरून जगापुढे गेल्या. साधन बदलले, तरी दारात जाऊन विचारणारी बातमीदार तीच राहिली.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना वेगळा बातमीदार कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दिले आहे. मुले पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली आणि 1 जुलै 2018 रोजी जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी होतो, पण ती खोटी आहे हे कोणी सांगत नाही. ते सांगायला पोलीस पाटलाला विचारून, खातरजमा करून, त्याच मोबाइलवर त्याच संध्याकाळी खुलासा देणारा ओळखीचा माणूस लागतो. दुसऱ्या दिवशीचा छापील अंक तिथे उशिराच पोहोचतो.

जुनी वृत्तपत्रे तरी कुठे स्वच्छ होती, हा आक्षेप खरा आहे. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या पेड न्यूजमुळे, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या प्रचारी बातम्यांमुळे, मराठी वृत्तपत्रांची अब्रू गेली. पण हा प्रकार उघडा पाडला पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’ या वृत्तपत्रातूनच. अंकावर संपादकाचे नाव छापलेले असते, म्हणून जाब विचारता येतो. फिरत्या संदेशाला धनीच नसतो. स्थानिक वृत्तपत्रांना खरा धोका पैशाचा आहे. गावच्या दुकानदाराची जाहिरात गूगल-फेसबुककडे वळली की तालुक्याचा बातमीदार सर्वांत आधी घरी बसतो. तो टिकवायचा तर आपल्या तालुक्याच्या पत्राची वर्गणी भरा आणि बातमी चुकली तर संपादकाला जाब विचारा.