यंत्र, घाई आणि किशोरवय

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरी आज बैलांच्या दावणीशेजारी छोटीशी कर्मशाळाच उभी राहिलेली दिसते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे येथील शेती बागायती झाली. कांदा, टोमॅटो, बटाटा, द्राक्षे ही पिके वाढली आणि त्यांच्यामागोमाग विद्युतपंप, कडबाकुट्टी यंत्र, हातग्राइंडर, ड्रिल आणि वेल्डिंग यंत्र घरात आले. पूर्वी नांगराचा फाळ शेवटण्यासाठी लोहाराच्या भात्याजवळ वाट पाहत बसावे लागे. आता पुष्कळशी दुरुस्ती घरीच होते आणि ती करणारे हात बहुधा घरातील तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाचे असतात.

ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु याच वयात जिज्ञासा जितकी तीव्र, तितका धीर कमी असतो. यंत्राला मात्र घाई चालत नाही. यंत्र बिघडले की वडीलधारी माणसे मुलाला ‘धसमुसळा’ म्हणून मोकळी होतात. नेमके काय बिघडले आणि का, हे कोणी सांगत नाही. ते समजावून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मोटार का जळते?

प्रसंग नेहमीचा आहे. वीज पाळीने येते. कांद्याला पाणी द्यायचे असते आणि मुलाला पंप सुरू करायला पाठवलेले असते. स्टार्टरचा खटका दाबला की मोटार गुरगुरते आणि थांबते. मुलगा पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. अखेर ओव्हरलोडची कळच बांधून ठेवतो. थोड्याच वेळात जळका वास येतो.

थेट जोडणीची तीन फेजची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह सहा पट झाला, तर उष्णता छत्तीस पट होते. मोटार फिरू लागली की हा भार काही क्षणांत उतरतो. एक फेज गेलेला असेल, तर ती फिरतच नाही आणि तिच्यावरील पंखाही स्थिर राहतो. अशा वेळी खटका जितक्या वेळा दाबावा, तितकी गुंडाळी तापत जाते आणि तारेवरील लेप करपतो.

ओव्हरलोडमध्ये दोन निराळ्या धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकते आणि वीज तोडते. थंड होऊन पूर्ववत होण्यास तिला काही मिनिटे लागतात. मुलाला वाटते, यंत्र अडून बसले आहे. वस्तुतः ती काही मिनिटे मोटारीला निवण्यासाठी दिलेली सवड असते. कळ बांधून ठेवणे म्हणजे राखणदाराचेच हात बांधणे होय. मोटार पुन्हा भरून येईपर्यंत पीक तहानलेले राहते. भरणावळ आणि पिकाचे नुकसान असा दुहेरी भुर्दंड पडतो.

आटे, ड्रिल आणि ग्राइंडर

लोखंडात आटे पाडताना टॅप अर्धा फेरा पुढे न्यावा आणि थोडा मागे फिरवावा, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. सलग पुढे रेटल्यास कीस खाचेत दाटतो आणि टॅप आतच मोडतो. टॅप कठीण पोलादाचा असल्याने तो साध्या ड्रिलने निघत नाही आणि पुष्कळदा सारा सुटा भागच टाकून द्यावा लागतो. ड्रिलचे तेच आहे. जाड पोलादात वेग जास्त ठेवून जोर लावला, तर टोक निळे पडते. निळे पडणे ही अतिउष्णतेची खूण आहे. तेलाचे चार थेंब आणि कमी वेग यांनी काम थोडे सावकाश होते, पण अवजार टिकते.

ग्राइंडरच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास १२,००० फेरे फिरली, तर तिची कड सेकंदास सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावते. काम लवकर उरकावे म्हणून त्याच यंत्रावर कवच काढून १८० मिलिमीटरची चकती बसविली, तर कडेचा वेग सेकंदास ११३ मीटरवर जातो. अशा चकत्यांची नेहमीची मर्यादा ८० मीटर असते. मर्यादा ओलांडलेली चकती फुटली, तर तिचे तुकडे समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर येतात. कडबाकुट्टी यंत्राचे जड चाक तर वीज बंद केल्यावरही फिरत राहते. अडकलेली वैरण त्या अवस्थेत हाताने ओढणे हे बोटे गमावण्याचे कारण ठरते.

दोष केवळ मुलाचा नाही

उतावळेपणाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, असे शास्त्र सांगते. म्हणून या वयात उपदेश कमी पडतो. हाताला लागलेली सवय मात्र टिकते. शिवाय ‘हात लावशील तर खबरदार’ या धाकाने बिघाड लपविला जातो. तडा गेलेली चकती मुकाट्याने परत खुंटीवर जाते आणि दुसऱ्या दिवशी वडील तीच बसवितात.

या दोन तालुक्यांच्या शेजारी, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या विषयांत हाताने काम करतात. अशा शिक्षणात चूक ही शिक्षेची नव्हे, तर पाठाची सुरुवात ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची तरतूद सुचविली आहे. हे दिवस मोटार भरणाऱ्या आणि वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांच्या दुकानात उत्तम कारणी लागू शकतील. जळालेली गुंडाळी एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा ओव्हरलोडची कळ सहसा बांधणार नाही.

काय करता येईल?

घरोघरी एक साधा क्रम पाळावा: आधी वीज तोडावी, चाक पूर्ण थांबू द्यावे, कारण शोधावे आणि मगच हात घालावा. मोटार दुसऱ्यांदा सुरू झाली नाही, तर तिसरा प्रयत्न न करता तिन्ही फेज तपासावेत, आणि तेही जाणत्या माणसाकडून. एक फेज गेल्यास वीज तोडणारे उपकरण स्टार्टरला जोडून घ्यावे. ग्रामपंचायतीने कारागिरांना बोलावून वर्षातून एकदा शाळेत प्रात्यक्षिक ठेवावे. शिक्षकांनी मोडलेले टॅप आणि जळालेल्या तारा यांचा लहानसा संग्रह करावा. विज्ञानाच्या तासाला त्याहून बोलके साधन मिळणार नाही.

कायद्याची मर्यादाही ध्यानात असावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक उद्योगांत कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. चौदा वर्षांखालील मुलाने शाळेच्या वेळेनंतर घरच्या उद्योगात मदत करण्यास मुभा आहे, पण तेथेही धोक्याची कामे वर्ज्य आहेत. शिकणे आणि राबविणे यांतील हा भेद पालकांनी जपला पाहिजे.

पेरल्या दिवशी कणीस मागू नये, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. तोच धीर त्याने यंत्रापुढेही दाखवावा, यासाठी त्याच्या शेजारी उभे राहून कारण सांगणारे कोणीतरी हवे. मोटार पुन्हा भरून मिळते. बोटे मात्र कोणत्याही दुकानात भरून मिळत नाहीत.