आलेखातले १०० म्हणजे किती?

हैदराबादच्या मलकपेठेत कांदा-मिरचीचा घाऊक बाजार आहे. तिथे गुगलवर ‘आजचा कांदा भाव’ हा शोध अचानक चढला, तरी शोधणारा अडत्या, गृहिणी की महाराष्ट्रातून माल पाठवणारा शेतकरी, हे आलेखातून कळत नाही. शोधांचे असे आलेख देणाऱ्या गुगल ट्रेंड्समध्ये २००४पासूनचा कल दिसतो, पण राज्य आणि शहर इथवरच; मोहल्ल्यापर्यंत तो उतरत नाही. त्यातले १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातले सर्वाधिक प्रमाण १०० धरतात, बाकीचे आकडे त्या तुलनेत. कोण आणि का शोधतो हे न कळल्याने अंदाजही चुकू शकतो. गुगलने २००८मध्ये शोधांवरून फ्लूची साथ ओळखायला घेतली. २०१२-१३च्या हिवाळ्यात अमेरिकेतला अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्या ऐकून धास्तावलेले धडधाकट लोकही फ्लूबद्दल शोधत होते, हे त्याचे एक कारण मानले जाते.