मुंबईहून न्यूयॉर्क किती दूर?

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलाची वडील बहीण शिक्षणासाठीं विमानानें मुंबईहून न्यूयॉर्कास निघाली. तिच्या मातोश्री घरीं मोबाईलवर विमानाची वाट न्याहाळीत बसल्या होत्या. विमान आइसलँडजवळ दिसूं लागतांच त्या घाबऱ्या झाल्या. न्यूयॉर्क तर तेथून कितीतरी दक्षिणेस. मग विमान वाट तर चुकलें नाहीं ना? दुसऱ्या दिवशीं मुलानें तोच प्रश्न आम्हांस केला. प्रश्न रास्त होता, आणि भिंतीवरील नकाशापाशीं उभें राहून त्याचें उत्तर देतां येईना.

वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर बसवावयाची म्हणजे ती कोठेंतरी ताणावी लागते. म्हणून आम्हीं पृथ्वीचा गोल मेजावर ठेविला, दोऱ्याचें एक टोक मुंबईवर धरिलें व दोरा न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ओढला. तो अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेस जाईल, अशी मुलांची अटकळ होती. परंतु तो सिंध, अफगाणिस्तान व तुर्कमेनिस्तान यांवरून रशियांत शिरला, आणि नॉर्वे, आइसलँड व ग्रीनलंडचें दक्षिण टोक गांठून मग खालीं उतरला! हीच सर्वांत जवळची वाट. ती सुमारें १२,५०० किलोमीटर भरते. खलाशांच्या मर्केटर नकाशावर पट्टीनें आखलेली सरळ रेघ धरून गेल्यास सुमारें १४,२०० किलोमीटर पडतील.

तथापि दोऱ्यास राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. वैमानिकास त्या पाळाव्या लागतात. २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्माननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, तेव्हां दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या कित्येक विमानांस वळसा घेऊन युरोपांत इंधनासाठीं उतरावें लागलें.

आतां वेळेचें पाहूं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, त्या जूनमध्यें न्यूयॉर्कास पोहोंचल्या. आज विमान वाऱ्याविना ताशीं सुमारें ८८० किलोमीटर जातें. पण त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, व हिवाळ्यांत त्याचा जोर विशेष असतो. नदींतील नावेप्रमाणें विमानास जातांना तो प्रवाह कापावा लागतो. येतांना तोच त्यास पुढें लोटतो. वारा सरासरी ताशीं ६० किलोमीटर धरिला, तर १२,५०० किलोमीटरांस जातांना सवापंधरा तास व येतांना तेरा तास अठरा मिनिटें लागतील. वळसा पडल्यास अर्थात् अधिक.

घड्याळाचा घोटाळा याहून निराळा. हिवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्या मागें साडेदहा तास असतें, उन्हाळ्यांत साडेनऊ. जानेवारींत रात्रीं दीड वाजतां मुंबईहून निघालेलें विमान साडेपंधरा तासांनीं उतरलें, तर तेथें त्याच दिवशीं सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आपल्याकडे सायंकाळचे पांच. घड्याळावरून पांचच तास झालेसें वाटावें! पालकांनीं निरोपाची वाट पाहतांना हा हिशेब आधीं करावा. नाहींतर सकाळीं साडेसहापासून उगीच जीव टांगणीस लागतो.

त्या सायंकाळीं मुलानें गोल व दोरा दोन्हीं घरीं नेण्यास मागितलीं. गोल तिसऱ्या दिवशीं परत आला; दोरा मात्र मातोश्रींनीं ठेवून घेतला आहे.