विधिसंघर्षग्रस्त बालक (महाराष्ट्र)

विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अथवा ज्याचा गुन्हा सिद्ध झाला आहे, आणि गुन्ह्याच्या दिवशी ज्याचे वय १८ वर्षे पूर्ण झालेले नव्हते, असे मूल. भारतात अशा मुलांविषयीची कार्यवाही बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्यानुसार चालते. हा कायदा १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला. ‘बालगुन्हेगार’ हा जुना शब्द कायद्याने मागे टाकला असला, तरी वृत्तपत्रांत व बोलण्यात तो टिकून आहे. वय धरले जाते ते गुन्ह्याच्या दिवशीचे. अटकेच्या किंवा निकालाच्या दिवशीचे नव्हे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही.

पार्श्वभूमी

मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे हा विचार मुंबईत जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा तेथे १८५७ मध्ये सुरू झाली. मुंबई इलाख्याचा बालक अधिनियम १९२४ चा, तर बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ चा. १९८६ मध्ये देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यांसाठी १६ व मुलींसाठी १८ वर्षे अशी मर्यादा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार व हत्या प्रकरणात एक आरोपी सतरा वर्षांचा होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याची, म्हणजे त्या कायद्यातील कमाल मुदतीची, शिक्षा झाली आणि तीव्र असंतोष उसळला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा घटवण्यास विरोध केला होता. तरीही या मुलाची २० डिसेंबर २०१५ रोजी सुटका झाली आणि अवघ्या दोन दिवसांनी राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. इतक्या नाजूक विषयावरील कायद्याला इतकी घाई मानवली का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

१६ ते १८ वयोगटाची तरतूद

नव्या कायद्याने वयोमर्यादा १८ वरच ठेवली. मात्र १६ ते १८ वर्षांच्या बालकाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षे कारावास सांगितला आहे, तो निर्घृण. बाल न्याय मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करते. मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती त्यात पाहिली जाते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी कोणाकडेही बालमानसशास्त्र वा मनोविकारशास्त्राची पदवी नसेल, तर मूल्यमापनासाठी तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरवले. पुढे खटला बाल न्यायालयात, म्हणजे बहुधा सत्र न्यायालयात, जातो. तेथेही फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. दोषी ठरलेला मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थानात राहतो. त्यानंतर न्यायालय त्याच्यात झालेला बदल तपासून सुटका अथवा उरलेल्या मुदतीसाठी कारागृह यांपैकी एक निवडते.

सावंतवाडीसारख्या गावातील कार्यवाही

सावंतवाडीत कारागृह आहे, पण विधिसंघर्षग्रस्त बालकाला तेथे किंवा पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, आरोप खुनाचा असला तरीही. बेडी घालता येत नाही. मुलाला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत मंडळापुढे आणावे लागते. गुन्हा निर्घृण असेल किंवा प्रौढांच्या साथीने घडला असेल, तरच प्रथम खबर नोंदवली जाते. जामीन हा नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा सुटकेने न्यायाचा हेतू विफल होईल, असे मंडळाला वाटल्यासच तो नाकारला जातो.

सावंतवाडी गोव्याच्या सीमेलगत असल्याने आणखी एक तरतूद येथे महत्त्वाची ठरते. या भागातील मूल गोव्यात सापडले, तर तेथील मंडळ चौकशीनंतर प्रकरण त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातील मंडळाकडे पाठवू शकते. मद्य वा अमली पदार्थ वाहून नेण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुंबईत नाव गाळले की हेतू साधतो. कोकणात नुसत्या वाडीचा किंवा वडिलांच्या व्यवसायाचा उल्लेख आला तरी सगळ्या पंचक्रोशीला मुलगा कळतो. म्हणून या कलमाचा अर्थ लहान गावात अधिक कडकपणे घ्यावा लागतो.

पुणे, १९९४

वय ठरवताना झालेली चूक कोठवर जाऊ शकते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरात पाच स्त्रिया व दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. स्त्रियांपैकी एक गरोदर होती. पकडलेल्या तिघांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांच्यातील एक राजस्थानातून आलेला होता. खटल्याच्या कागदपत्रांत तो वीस वर्षांपुढचा तरुण होता.

गुन्ह्याच्या वेळी आपण बालक होतो, हा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो. या कैद्याने तो २०१८ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली. बिकानेर जिल्ह्यातील शाळेच्या दाखल्यावरून त्याचे वय गुन्ह्याच्या दिवशी १२ वर्षे ६ महिने निघाले. १९९४ मध्ये लागू असलेल्या कायद्यानेही तो बालकच होता आणि त्याला फाशी देताच आली नसती. २०१५ च्या कायद्यानुसार फार तर तीन वर्षे त्याला संस्थेत ठेवता आले असते. २७ मार्च २०२३ रोजी त्याच्या सुटकेचा आदेश झाला, तोवर त्याची २८ वर्षांहून अधिक काळ कैदेत गेली होती. आजच्या कडक कायद्याखालीही त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला नसता, कारण तो १६ वर्षांखालील होता.

या प्रकरणात मृतांच्या नातलगांची बाजू सहसा मागे पडते. सात माणसे गमावलेल्या घराला वयाचा हिशेब पटावा, अशी अपेक्षा कायदाही करत नाही. शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मनोंद आणि तीही नसल्यास वैद्यकीय चाचणी, असा पुराव्यांचा क्रम आता ठरलेला आहे. गाव सोडून लहानपणीच कामाला लागलेल्या मुलाजवळ पहिली दोन कागदपत्रे क्वचितच असतात.

पुणे, २०२४

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोघे संगणक अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा १७ वर्षांचा होता, असा आरोप आहे. मंडळाने काही तासांतच जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उमटला. त्यानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. पण जामीन कायम असताना केलेले हे आदेश बेकायदा ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून रोजी त्याची सुटका केली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. त्याला प्रौढ मानावे, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. सदोष मनुष्यवधाला जबर शिक्षा असली, तरी तिची किमान मर्यादा कायद्यात नाही. आणि किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा निर्घृण नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा निर्णय आहे. निबंधाची बरीच थट्टा झाली. सौम्य अटी कायद्याला परक्या नाहीत. रोष होता तो दोन मृत्यूंनंतर सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल येण्याआधीच झालेल्या घाईवर.

पुनर्वसन

समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा आणि अखेरचा उपाय म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह, असे आदेश मंडळ देऊ शकते. २०१३ च्या मुंबईतील शक्ती मिल प्रकरणांतील दोन अल्पवयीनांना जुलै २०१५ मध्ये तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवण्यात आले. संस्थेत शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षण अपेक्षित असते, आणि प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा परिवीक्षा अधिकाऱ्याला करावा लागतो. दोषसिद्धीमुळे पुढे नोकरीस अपात्रता येत नाही व ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट केल्या जातात. प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्याला हे संरक्षण नाही.

सुरक्षित स्थान मात्र राज्यात किमान एक असले की कायद्याची पूर्तता होते. सावंतवाडीहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर आहे. रोजंदारीवरील आईवडिलांना एका भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते, आणि घरी परतण्याच्या तयारीचा आराखडा त्याच भेटींवर उभा असतो. १८ वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्यांसाठी साधारणतः २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे निवास, शिक्षण व आर्थिक मदतीची, तरतूद आहे.