भांडण मिटते, अबोला उरतो

पती-पत्नीमधील बहुतेक मतभेद कधीच पूर्णपणे मिटत नाहीत, असे मानसशास्त्रातील संशोधन सांगते. तरीही काही जोडपी एकमेकांच्या जवळ राहतात आणि काही एकाच छताखाली दुरावतात. वाद सुरू कसा होतो, थांबतो कुठे आणि थांबल्यानंतर पुन्हा बोलणे होते की नाही, यात या फरकाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

‘बाबांना सांग, पान वाढले आहे.’

‘आईला सांग, मला भूक नाही.’

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांत दहा पावलांचेही अंतर नसते. तरीही निरोप पोहोचविण्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला मध्ये उभे राहावे लागते. भांडण कशावरून झाले, हे तिसऱ्या दिवशी दोघांनाही नीट आठवत नाही. अबोला मात्र सुरूच असतो. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासऱ्यांच्या देखत मोठ्याने भांडण्याची सोय नसते. त्यामुळे राग गिळून गप्प बसणे हाच अनेक घरांत वादाचा रूढ प्रकार झालेला आहे.

मराठी माणसाने अबोल्याकडे नेहमीच काहीशा कौतुकाने पाहिले आहे. रुसवे-फुगवे, लटका राग, मनधरणी यांना भावगीतांत आणि चित्रपटांत हक्काची जागा आहे. रुसणाऱ्याला कुणीतरी समजूत काढायला येईल याची खात्री असते, म्हणून त्या रुसव्यात गोडवा असतो. ही खात्री संपली की रुसवा संपतो आणि भिंत उभी राहते.

तुटणाऱ्या नात्यांची लक्षणे

अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या निरीक्षणासाठी एक प्रयोगशाळा उभारली. प्रसारमाध्यमांनी तिला ‘प्रेमाची प्रयोगशाळा’ असे नाव दिले. जोडप्यांना त्यांच्यातील वादाच्या विषयावर पंधरा मिनिटे बोलायला सांगायचे, त्या संभाषणाचे चित्रीकरण करायचे, हृदयाचे ठोके मोजायचे आणि पुढे काही वर्षे त्या जोडप्यांचा मागोवा घ्यायचा, अशी या संशोधनाची पद्धत होती. बर्कले येथील रॉबर्ट लेव्हन्सन हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी.

या निरीक्षणांतून चार घातक सवयी समोर आल्या. कृतीऐवजी व्यक्तीवर केलेली टीका, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक तक्रारीवर बचावाचा पवित्रा घेणे आणि चौथी म्हणजे संभाषणातून अंग काढून घेऊन दगडासारखे गप्प बसणे. यांपैकी तुच्छता ही नात्याला सर्वाधिक मारक, असे गॉटमन यांचे मत आहे. नक्कल करणे, डोळे फिरवणे, चारचौघांत टोमणा मारणे, माहेरचा किंवा सासरचा उद्धार करणे ही तिची परिचित रूपे होत.

गॉटमन यांच्या संशोधनावर टीकाही झाली आहे. घटस्फोटाचे ‘भाकीत’ नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक ठरल्याचा त्यांचा दावा प्रसिद्ध आहे. मात्र कोणती जोडपी वेगळी झाली हे आधीच माहीत असलेल्या माहितीवर बेतलेले सूत्र नव्या जोडप्यांना लावल्यास तेवढे अचूक ठरेलच असे नाही, असा आक्षेप रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्ये घेतला. त्यामुळे एखाद्या जोडप्याचे भविष्य पंधरा मिनिटांत सांगता येते, असे कुणी समजू नये.

पहिल्या तीन मिनिटांचे महत्त्व

सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ नवविवाहित जोडप्यांच्या संभाषणांचे विश्लेषण केले होते. पुढील सहा वर्षांत विभक्त झालेल्या आणि एकत्र राहिलेल्या जोडप्यांमधील फरक वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतच दिसून येत होता. सुरुवात कठोर असेल तर पुढे सूर सावरणे अवघड जाते, हा याचा सरळ अर्थ.

उदाहरण रोजचेच घेऊ. वीजबिलाची तारीख उलटून गेली आहे. ‘तुला घरातले काही लक्षातच राहत नाही’ असे एकाने म्हटले की दुसऱ्याला आपल्या स्वभावाचा बचाव करावा लागतो आणि बिल बाजूलाच राहते. ‘बिल राहून गेले, दंड भरावा लागणार म्हणून मला त्रास होतो आहे, पुढच्या महिन्यापासून हे कुणी पाहायचे ते ठरवू या’ या वाक्यातही तक्रार आहे. पण ती घटनेबद्दल आहे, आपल्याला काय वाटते ते सांगणारी आहे आणि तिच्यात एक नेमकी मागणी आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुझ्या घरचे सगळेच’ हे शब्द टाळले, तरी निम्मे भांडण आटोक्यात राहते.

एक मागे लागतो, दुसरा मागे हटतो

अबोल्याच्या मुळाशी बहुधा एक ठरावीक साखळी असते. एक जण विषय काढतो, दुसरा टाळतो. टाळल्यामुळे पहिला अधिक जोर लावतो आणि त्यामुळे दुसरा आणखी आत सरकतो. ‘ती सारखी कटकट करते’ आणि ‘तो काही बोलतच नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच साखळीची दोन टोके आहेत.

ही साखळी स्त्री-पुरुषांच्या स्वभावामुळेच तयार होते काय? अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळे उत्तर देतो. पत्नीला बदल हवा असलेल्या विषयावर बोलणे झाले तेव्हा पत्नी आग्रह धरी आणि पती माघार घेई. पतीला बदल हवा असलेल्या विषयावर मात्र हा फरक जवळपास नाहीसा झाला. चालू व्यवस्था ज्याच्या सोयीची, त्याला गप्प राहणे परवडते. ज्याला ती जाचते, त्याला बोलावेच लागते.

भारतीय घरांत हा मुद्दा विशेष लागू पडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षांवरील ८१.२ टक्के महिला कुटुंबासाठी विनामोबदला घरकाम करीत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के होते. घरकाम करणाऱ्या महिलेचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषाचा ९७ मिनिटे वेळ जात होता. कामावरून परतल्यावर डबे, कणीक, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे सांभाळणाऱ्या स्त्रीने विषय काढला, तर ती ‘कटकट’ ठरते. अशा वेळी नुसते गोड बोलणे हा तोडगा नव्हे. कामाची वाटणी बदलावी लागते. ती न बदलता केलेला समेट फार काळ टिकत नाही.

विराम आणि अबोला

गप्प बसणारा माणूस बाहेरून थंड दिसतो. आतून तसा असेलच असे नाही. गॉटमन आणि लेव्हन्सन यांच्या नोंदींत, वादातून अंग काढून घेणाऱ्या अनेकांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याची, त्यातून अर्थ काढण्याची क्षमता मंदावते, असे गॉटमन सांगतात. ‘भिंतीशी बोलते आहे असे वाटते’ अशी तक्रार करणाऱ्या पत्नीला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते; आणि पतीलाही ती शब्दांत सांगता येत नाही.

एका प्रयोगात संशोधकांनी उपकरणे नीट करण्याचे निमित्त काढून जोडप्यांचा वाद मध्येच थांबवला आणि त्यांना अर्धा तास मासिके वाचत बसायला सांगितले. पुन्हा बोलणे सुरू झाले तेव्हा ठोके खाली आले होते आणि सूरही निवळला होता. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे द्यावीत, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

येथेच विराम आणि अबोला यांतील फरक स्पष्ट होतो. ‘आत्ता माझ्याने बोलणे होणार नाही; जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन बोलू’ असे सांगून उठणे हा विराम. त्याला परत येण्याची वेळ आहे. काही न सांगता उठून जाणे आणि समोरच्याने कारण ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे हा अबोला. पहिल्यात राग शांत होतो, दुसऱ्यात तो शिक्षा बनतो. विराम घेणाऱ्याने ठरलेल्या वेळी स्वतःहून विषय काढणे मात्र आवश्यक असते. अन्यथा विराम हे टाळाटाळीचेच सभ्य नाव ठरते.

लहानसहान हाका

भांडण हाताळण्याची ताकद भांडणाच्या वेळी तयार होत नाही. ती इतर दिवसांत साठवावी लागते. ‘बघ, आज पाऊस किती जोरात आहे’ या वाक्यात माहिती अशी काहीच नसते; ती लक्ष वेधण्यासाठी घातलेली हाक असते. तिला ‘हो ना, छत्री तरी नेली होतीस का?’ असे उत्तर मिळू शकते, किंवा मोबाइलवरून नजरही न हटवता ‘हं’ एवढेच.

गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा हाका मोजल्या. सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्यांनी शंभरातील ८६ हाकांना प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांनी केवळ ३३ हाकांना. स्थिर जोडप्यांमध्ये वादाच्या वेळीदेखील एका कटू क्षणामागे साधारण पाच चांगले क्षण आढळले. मान डोलावणे, हलका विनोद, ‘तुझे हे म्हणणे बरोबर आहे’ अशी कबुली एवढेच त्यांचे स्वरूप होते.

भावनांवर भर देणारी दाम्पत्य-उपचारपद्धती १९८० च्या दशकात लेस्ली ग्रीनबर्ग यांच्यासह विकसित करणाऱ्या सू जॉन्सन यांची मांडणी याच्याशी जुळणारी आहे. पैसा, सासर, उशिरा घरी येणे यांवरील वादांच्या तळाशी ‘गरज पडेल तेव्हा तू माझ्यासाठी आहेस ना?’ हाच प्रश्न असतो, असे त्या मांडत. तो प्रश्न ऐकू आला, की वरच्या भांडणाची धार कमी होते.

न मिटणारे मतभेद

जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमस्वरूपी असतात, असे गॉटमन यांचे निरीक्षण आहे. एकाला काटकसर प्रिय, दुसऱ्याला हौसमौज. एकाला गावच्या घरी प्रत्येक सणाला जावेसे वाटते, दुसऱ्याला सुटीत विश्रांती हवी असते. हे मतभेद पाच वर्षांनीही तसेच असतात. त्यांचा निकाल लावण्याच्या हट्टापायी अनेक जोडपी थकतात. गणपतीला गावी आणि दिवाळीला आपल्या घरी, अशी तात्पुरती व्यवस्था करून दरवर्षी नव्याने बोलत राहणे हाच त्यांवरचा व्यवहार्य मार्ग होय.

यासाठी एक सोपा उपाय तपासला गेला आहे. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षे अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी सर्वांच्याच वैवाहिक समाधानात घट झाली. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटे, आपल्या ताज्या वादाबद्दल, दोघांचेही भले चिंतणाऱ्या त्रयस्थाच्या नजरेतून लिहायला सांगितले. वर्षभरात एकूण २१ मिनिटांचे हे लेखन करणाऱ्यांची घसरण थांबली. इतरांची सुरूच राहिली.

मुले पाहत असतात

निरोप्या झालेल्या त्या मुलाला काय वाटत असेल? अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे मार्क कमिंग्ज यांनी मोठ्यांच्या वादाचे प्रसंग मुलांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया अभ्यासल्या. शब्दांवाचूनचा राग मुलांना कळतो आणि त्रासही देतो. वाद मिटल्याचे पाहिल्यावर मात्र त्यांचा ताण लक्षणीयरीत्या कमी होतो. समेट बंद दाराआड झाला आणि नंतर मुलांना तसे सांगितले, तरीही उपयोग होतो. मुलांसमोर भांडण झाले असेल, तर ‘आमचे बोलणे झाले, आता सारे ठीक आहे’ हेही त्यांच्यासमोर सांगावे.

जेथे संवाद हा उपाय नाही

हे सारे दोघांनाही निर्भयपणे बोलता येते, अशाच घरांसाठी आहे. मारहाण, धमकी, पैसे अडवून धरणे, सतत अपमान किंवा पाळत ठेवणे हा ‘मतभेद’ नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि त्यात शारीरिक छळाबरोबरच मानसिक व आर्थिक छळाचाही समावेश होतो. अशा प्रसंगी महिलांसाठीच्या १८१ या मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो. राज्यात पोलिस यंत्रणेत स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबईत त्यांची सुरुवात झाली.

एरवीच्या दुराव्यात मात्र मदत वेळेवर घेणे महत्त्वाचे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आहे आणि त्यासाठी समुपदेशकांचीही तरतूद केली आहे. परंतु अर्ज दाखल होईपर्यंत अनेकदा वर्षांचा अबोला साचलेला असतो. लग्नाआधी पत्रिका पाहिली जाते, हॉल ठरतो, याद्या होतात. समुपदेशकाकडे जाणे मात्र अजूनही कमीपणाचे वाटते. ताप अंगात मुरण्यापूर्वी डॉक्टरकडे जाणारा माणूस येथे का थांबतो, याचा विचार व्हायला हवा.

तोवर आज रात्रीपुरते एक करता येईल. निरोप मुलाकरवी न पाठविता दोघांपैकी एकाने दहा पावले चालून जावे आणि ‘पान वाढले आहे, चल’ असे स्वतःच सांगावे. भांडणाचा विषय त्याने मिटणार नाही; तो उद्या बोलता येईल.